डावा अंगठा

पंचनाम्यात लिहिलंय : सर्पदंश, संशयित.
डाव्या नडगीवर दोन ठिपके, बोटभर अंतरावर.
खाली हवालदाराने रेघ ओढलीय,
दोनदा. म्हणजे त्याची खात्री होती.

झिलू वेळीप, वय एकतीस.
केप्याच्या वरचा डोंगर, काजूचे दिवस.
पायांना अजून बोंडूंचा वास,
आंबूस गोड,
मडगावच्या शवागारात फिनेलवर तरंगणारा.

कायतानने दिवा खाली ओढला.
सत्तावीस वर्षं तो हा दिवा ओढतोय.
वाकला, पाहिलं, म्हणाला,
"दोतोर, ह्या सोरपाक दांत नात."

नव्हतेच.
दात आत शिरतात, काळंनिळं करतात,
पिंडरी भोपळ्यासारखी फुगवतात.
इथे सूज नाही. रक्तच नाही.
दोन उथळ वाट्या, मसुराएवढ्या,
तळ राखाडी, कोरडा,
कडा पांढुरक्या, उचललेल्या,
हातमोज्यातूनही शिंगासारख्या टणक लागणाऱ्या,
आणि कडेबाहेर लालीची पुसट रेघ,
चंद्राला खळं पडावं तशी.

भिंग धरलं, तर एका वाटीच्या तळाशी
खसखशीइतकी हिरवट चमक.
तांबं.
कातडी इतकंच सांगते.
जुन्या पंपाची उकललेली मोटर,
रानडुकरांसाठी गुडघ्याखाली ताणलेली तार,
हे मी म्हणतेय,
अहवालात ते येणार नाही.

मग उजवा तळवा पाहिला.
बाहेर कुठून पडली असेल?
तळव्यावर काही नाही,
दिवसभर बोंडू तुडवलेला, भिजून पांढरा पडलेला तळवा.
दरवर्षी मुलांना सांगते :
खूण अडथळ्याची असते.
जिथे सरळ वाट मिळाली
तिथे वीज काही मागे ठेवत नाही.
परीक्षेत निम्मी मुलं हे उलटं लिहितात.

कातडीचा तुकडा बाटलीत घातला, चिठ्ठी लावली.
परवापर्यंत काचेखाली दिसेल,
केंद्रकं लांबट झालेली, सगळी एका दिशेला,
वाऱ्याने आडवं केलेलं भात.

दुपारी भाऊ आला. रत्नू.
चपला बाहेर काढून आला, देवळात यावं तसा.
सही येत नव्हती.
कायतानने शाईचा डबा पुढे केला.
डावा अंगठा, रकाना सातवा.

अंगठा उचलला,
आणि ठशाच्या मधोमध कागद कोरा.
रेषा गोल गोल फिरत येतात
आणि एका मसुराएवढ्या जागेशी थांबतात.

मी त्याचा हात उताणा केला.
"काजीचो चीक," तो म्हणाला,
मी काही विचारण्याआधी.

काजूचा चीक मला ठाऊक आहे.
शाळेच्या सुट्टीत माझीही बोटं जळायची,
काळी व्हायची, आठवडाभर सालं निघायची.
ही जागा काळी नव्हती.
शाईतसुद्धा पांढरी राहिली होती,
कडा उचललेली.

तार जोडताना?
की रात्री, बॅटरी टाकून देऊन,
भावाला तिच्यावरून ओढून काढताना?
वीज इथे आली होती, एवढं कातडीला माहीत.
हात कुठल्या कामाला पुढे झाला होता
ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

कायतान डब्याचं झाकण लावत राहिला.
ते केव्हाच लागलं होतं.

"दुखता?" मी विचारलं.
त्याने अंगठ्याकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचा असावा तसं.
"ना. दुखना."
बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला.
तरी तो हलला नाही.
"दुखूंक जाय आशिल्लें," म्हणाला.

वहीचं पान
शाई वाळेपर्यंत मी उघडंच ठेवलं.
नंतरही.